फणसाचा खांब

"पाणी उतरलं आणि आपला खांब वर आला, तर तो विकू देऊ नकोस. मला त्याच लाकडावर जाळा." सासूबाईंनी गौरम्माकडून वचनच घेतलं होतं. आता त्यांची वाचा गेली होती.

शरावतीच्या धरणात बुडालेल्या घराचा तो फणसाचा खांब साठ वर्षांनी, यंदाच्या दुष्काळात वर आला. गौरम्माच्या नवऱ्याने, मंजप्पाने, तो ओढून आणून अंगणात वाळवला. आतून अजून हळदीसारखा पिवळा होता. मंगळूरचा व्यापारी उद्या न्यायला येणार होता.

"अहो, अम्मांना शब्द दिलाय मी."

"मग अम्मालाच सांग, आजच्या आज आटप म्हणावं," मंजप्पा म्हणाला. "गळक्या छपराखाली खोकतेय ती. आणि जाळायला आंब्याचं लाकूड काय कमी आहे?"

फोडलेला खांब व्यापारी घेणार नव्हता. पण माणूस जिवंत असताना त्याच्या चितेचं लाकूड फोडलं की यमाला बोलावणं जातं, असं गाव मानायचं. गौरम्माही मानायची.

पहाटे तिने नेमाप्रमाणे तुळशीला पाणी घातलं आणि सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. मग ती कुऱ्हाड घेऊन अंगणात उतरली.