चेंडू एकटाच घरंगळत गेला

नांदूरघाटात राजनंदिनीसाठी एकाच महिन्यात दोन मागण्या आल्या, आणि दोन्ही लग्नाच्या नव्हत्या.

सहा फूट एक इंचाच्या पोरीला स्थळ कुठून आणायचं, यावर गावानं आजवर पुष्कळ डोकं चालवलं होतं. शेजारची ताराबाई तर केसरबाईला दर सणाला सांगायची, "माय, नवऱ्याचं नंतर बघ, आधी उंच चौकटीचं घर बघ." आता आलेल्या मागण्या बास्केटबॉलच्या होत्या. दिवाळीनंतर राज्याची महिला लीग सुरू व्हायची होती, आणि रिंगाखाली उभी राहिली की कुणाला चेंडू लागू देत नाही अशी पोर दोन संघांना हवी होती. एक आष्टीचा, एक पुण्याचा.

आष्टीचे अर्जुनराव स्वतः आले. शंभर एकरांचे धनी, तालुक्याच्या राजकारणातलं वजनदार नाव, संघही त्यांनीच उभा केलेला. दोन गाड्या, नारळ, शाल, पेढे. राजनंदिनीच्या वडिलांना, बजरंगला, शेजारी बसवून घेत म्हणाले, "बजरंग, आपल्या जिल्ह्याची लेक आपल्या जिल्ह्यातच खेळायला पायजे. तिकडं कावून पाठवायची? आमी काय मेलोत?"

पुण्याहून नुसता फोन आला. संघाची कर्णधार रोहिणी बोलली. "एकदा येऊन आमच्यात खेळून बघ. आवडलं तर राहा." एवढंच.

"फोनवर मागणी," बजरंग म्हणाला. "नारळ न्हाई, सुपारी न्हाई. असलं स्थळ मी उंबऱ्यावरनं परत लावलं असतं."

राजनंदिनीचा प्रश्न वेगळाच होता, आणि तो घरात फक्त आईला ठाऊक होता.

मागल्या वर्षी एका सामन्यात ती रिंगाखाली पडली होती. गुडघा मुरगळला, आणि ती फरशीवर आडवी असताना सामना तिच्या अंगावरून चालत राहिला. तिच्याच संघातल्या पोरी चेंडूमागं पळाल्या. शिट्टी वाजेपर्यंत तिनं वर बघत पाय मोजले होते. गुडघा चार महिन्यांत बरा झाला. भीती बरी झाली नाही. आता ती लांबूनच टाकायची, लांबूनच उभी राहायची. रिंगाखाली शिरायचं म्हटलं की पाय आपोआप मागं सरायचे. आणि लांबून खेळणारी उंच पोर म्हणजे बांधावरचं बुजगावणं, हे तिलाही कळत होतं. संघ निवडताना चूक झाली तर तिचा खेळ संपला.

केसरबाई भाकऱ्या थापत होती. घरातलं जातं केव्हाच गेलं, पिठाची गिरणी आली, पण तिच्या ओव्या जात्यावरून उठून तव्यापाशी येऊन बसल्या होत्या. थापता थापता ती म्हणाली,

उभ्या ज्वारीहून उंच, माझी राजनंदिनी गं
वारा आला झोडपाया, कोण धरी कवळूनी गं

मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "दोन्ही घरं बघून येऊ."

"आई, घरं न्हाईत ती. संघ हायेत."

"तेच की. माझं लगीन ठरवाया साखराबाई आत्या इथं आलती. चहा आला तर तिनं मुद्दाम कप सोडला हातातनं. तुझा आज्जा बसल्या जागेवरनं उठला आन् म्हणला, 'पोळलं का वो बाई?' कपाचं नावच न्हाई काढलं. आत्या तिथंच म्हणली, पोरगी दिली." केसरबाईनं भाकरी उलटली. "त्याच्या आधीच्या घरी म्हणले होते, 'आरारा, नवा कप.'"

"मग मी काय कप पाडू मैदानात?"

"तू पड."

राजनंदिनी हळूच म्हणाली, "पडायचंच तर भ्या वाटतंय."

"म्हणून तर," केसरबाई म्हणाली, आणि पिठाचा हात लेकीच्या गुडघ्यावरून फिरवला.

आष्टीला ढोल होता. वेशीवर फलक होता, त्यावर राजनंदिनीचा फोटो छोटा आणि अर्जुनरावांचा मोठा. जेवणाला पुरणपोळी, आमटी, वर तुपाची धार. बजरंगला फेटा बांधला, तो त्यानं दिवसभर काढला नाही. बैठकीत नवा गालिचा होता. केसरबाईनं पिशवीतून आपला स्टीलचा पेला काढला. बाहेर कुठंही ती स्वतःच्याच पेल्यातून चहा घ्यायची. अर्धा झाल्यावर तो तिच्या हातून सुटला.

"अरे बंकट, फडकं आण," अर्जुनराव लगोलग गड्यावर ओरडले. "नवाच हाय बे गालिचा, डाग पडल." मग हसून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वहिनी, एवढं काय न्हाई त्यात."

केसरबाईनं पदरानं पाय पुसला. पाय चांगलाच पोळला होता.

दुपारी मैदानावर राजनंदिनीनं श्वास घेतला, डोळे मिटले आणि कडेला अंग सोडून दिलं. अलगद, ठरवून. तरी हात आधी गुडघ्यावर गेला. बाहेरून प्रशिक्षक ओरडले, "चेंडू! चेंडू बघा!" पोरी चेंडूवर तुटून पडल्या. वाईट नव्हत्या त्या. त्यांना तसंच शिकवलं होतं. एकीनं बास्केट केला, टाळ्या झाल्या, आणि राजनंदिनी आपली आपण उठून कपडे झटकत राहिली.

परतीच्या वाटेवर बजरंग फेटा सावरत म्हणाला, "काय मान केला गं. पुण्याला जायची गरजच न्हाई."

"बघून तर येऊ," केसरबाई म्हणाली.

पुण्याला कुणी घ्यायला आलं नाही. पत्ता विचारत विचारत तिघं पोचली. भलंमोठं सभागृह, लाकडी फरशी आरशासारखी. चहा नाही, पोह्यांची बशी नाही. एका पोरीनं कोपऱ्यातल्या मशिनकडं बोट दाखवलं, "काकू, पाणी तिकडं आहे," आणि ती पळाली.

केसरबाईनं पेल्यात पाणी घेतलं खरं, पण प्याली नाही. "चला माघारी," ती बजरंगला म्हणाली. "इथं काय बघायचंय? चहा देत न्हाईत ती पोरीला काय देणार?"

"मी तर आधीच म्हणलतो."

"राजू, पडूबिडू नको गं. जाऊ आपण."

राजनंदिनीलाही तसंच वाटलं. पण आलोच आहोत तर पाच मिनिटं खेळू, म्हणून ती उतरली. आईच्या लेखी या संघाची परीक्षा संपली होती, निकाल लागला होता, त्यामुळं अंग मोकळं झालं. तिसऱ्याच मिनिटाला चेंडू रिंगाच्या कडेवर आपटून वर उडाला आणि ती विसरली. आपण लांब उभं राहतो हे विसरली, गुडघा विसरली. आत शिरली, उडी मारली, हवेत कुणाचा तरी खांदा लागला, आणि ती पडली. खरीखुरी. लाकडावर असा आवाज झाला की वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

चेंडू एकटाच घरंगळत गेला. भिंतीपर्यंत गेला, भिंतीला लागून थांबला. त्याच्यामागं कुणी नव्हतं. नऊच्या नऊ पोरी राजनंदिनीभोवती बसल्या होत्या. रोहिणीनं तिचा गुडघा दोन्ही हातांत धरला होता. "हलवू नकोस. आधी श्वास घे. इथं दुखतंय? इथं?"

केसरबाईला आपण कधी उठलो ते कळलं नाही. ती चपलांसकट त्या आरशासारख्या फरशीवर धावत गेली होती. हातातला पेला वाटेतच सुटून, पाणी सांडत, खण्‌खण्‌ करत दुसऱ्या भिंतीकडं गेला. त्याच्याकडंही कुणी बघितलं नाही. एका पोरीनं सरकून केसरबाईला लेकीजवळ जागा करून दिली.

काही लागलं नव्हतं. राजनंदिनी हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "आई," ती म्हणाली, "परत पडले मी. आन् काईच झालं न्हाई."

निघताना केसरबाईला दारावरची पाटी दिसली. लाकडी फरशीवर चप्पल-बूट घालून येऊ नये. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं. कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं.

"पोरगी दिली," ती बजरंगला म्हणाली.

गावानं वर्षभर टोमणे मारले. आष्टीचा नारळ परत करून पोर परमुलखात गेली. ताराबाईनं विचारलं, "कावून गं केसर? काय लई देतेत काय तिकडं?" केसरबाई म्हणाली, "चहासुद्धा देत न्हाईत." ताराबाईला त्याचा अर्थ महिनाभर लागला नाही.

आणि लीगचा शेवटचा सामना आला तो बीडच्या मैदानावर. समोर आष्टी.

अख्खा जिल्हा लोटला होता. राजनंदिनीच्या हाती चेंडू आला की गॅलरीतून "फितूर, फितूर" असा गजर उठायचा. अर्जुनराव पुढच्या पायरीवर, त्यांच्या मागच्या पायरीवर केसरबाई. मध्यंतरात ते मान न वळवता म्हणाले, "वहिनी, आमचं काय चुकलं ते तरी सांगा. मानपानात काय कमी केलं का आमी?"

"न्हाई दादा. मान लई केला तुमी," केसरबाई म्हणाली.

आष्टीच्या पोरी जीव तोडून खेळल्या. एकसष्ट-साठ, आष्टी एका गुणानं पुढं. नऊ सेकंद उरले. राजनंदिनी रिंगाखाली शिरली, तीन जणींच्या मधून, वर्षभर शिरत होती तशी. चेंडू टाकला, तो कडेला लागून बाहेर आला, आणि ती आडवी झाली. शिट्टी नाही. चेंडू जिवंत. तो उडून कोपऱ्यातल्या रोहिणीच्या हातात पडला.

"टाक," पुण्याहून आलेली मंडळी ओरडली. रोहिणीला जागा होती. टाकला असता तर कदाचित गेलाही असता. तिनं टाकला नाही. चेंडू छातीशी धरून ती थांबली. पडलेल्या पोरीला कोण मोजतं? आष्टीच्या पोरी तिला सोडून रोहिणीवर धावल्या. रोहिणी बघत होती फक्त राजनंदिनीकडं. एक सेकंद. राजनंदिनीनं तळहात टेकला. दुसरा. तिच्याच संघातल्या एकीनं बखोटीला धरून तिला वर ओढलं. ती उभी राहिली, सगळी, सहा फूट एक इंच, आणि चेंडू हातांच्या जंगलावरून नेमका तिच्या बोटांत आला. तिला उडीसुद्धा मारावी लागली नाही.

बासष्ट.

वेळ संपल्याची शिट्टी झाली. मग गॅलरीच्या एका टोकाला नांदूरघाटची माणसं उभी राहिली, आणि सकाळपासून फितूर म्हणणाऱ्यांनीच शिट्ट्या सुरू केल्या. बजरंगनं आष्टीचा तोच जुना फेटा हवेत उडवला. केसरबाईच्या ओठांत शब्द आपसूक जुळत होते,

आडवी झाली ज्वारी, वारा थांबला शिवारी गं
पुण्याची ती पोर थांबे, लेक उठेस्तवरी गं

आणि हात जोडायला गेली तसा मांडीवरचा पेला, चहानं भरलेला, निसटला. पायरीवरून आपटत गेला आणि थेट अर्जुनरावांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर सांडला.

ते दचकून उठले. हरलेला माणूस, वर भिजलेला. त्यांनी सदऱ्याकडं बघितलं नाही. वळून केसरबाईच्या पायांकडं बघितलं.

"वहिनी, पोळलं न्हाई ना तुमाला?"

केसरबाई हसली.

"न्हाई दादा," ती म्हणाली. "ताराबाईची नात लई उंच व्हायलीय. पुढच्या साली तिला घिऊन येते आष्टीला. चहा ठिवा."

खाली मैदानात राजनंदिनीला खांद्यावर घ्यायची खटपट चालली होती. एवढ्या उंच पोरीला चौघी पुरत नव्हत्या, म्हणून आष्टीची एक पोर डोळे पुसत आली आणि तिनं पाचवा खांदा दिला.