चारचा चहा

लातूरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात चार वाजता चहा होई, आणि सगळे बसल्याशिवाय कपाला कुणी हात लावायचा नाही, हा नरसिंगरावांचा जुना कायदा. बाकी कशातही त्यांचं घरात फारसं चालत नसे, म्हणून हा एक कायदा कोंडाबाईंनी त्यांना देऊन टाकला होता.

चहा मात्र लेकीच्या पद्धतीचा. विशाखा निलंग्याला नर्स होती, रविवारी एसटीनं घरी यायची. बापाची शुगर वाढली तसा तिनं दूध-साखरेचा चहा बंद केला आणि ग्रीन टीचा पुडा आणला. "ह्यो च्या हाय का काढा?" म्हणत कोंडाबाईंनी नाक मुरडलं. मग विशाखानं आलं, दालचिनी आणि वेलदोडे ठेचून पाण्यात उकळून दाखवले.

"पत्ती उकळायची न्हाई माय. गॅस बंद करून मग टाकायची, न्हाईतर कडू होतो."

पुढं कोंडाबाईंना तो चहा आवडायलाही लागला, पण लेकीपुढं कबूल कोण करणार?

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूचं निमित्त झालं आणि विशाखा गेली. नरसिंगरावांना विसरायचा आजार त्याआधीच जडला होता. त्यांना रोजच रविवार वाटे. चहा समोर आला की ते दाराकडे बघत विचारत, "विशाखा आली न्हाई व्हय अजून?"

पहिल्यांदा कोंडाबाईंनी खरं सांगितलं. म्हातारा ऊर बडवून रडला. दुसऱ्या दिवशी सगळं विसरला, पुन्हा विचारलं, पुन्हा तसाच रडला. पोटच्या पोरीचं मरण बापाला रोज नव्यानं सांगायचं, हे कुठल्या आईच्यानं होईल? त्यांनी खोट्याचा रस्ता धरला.

"यायलीय. एसटीला उशीर झालाय. तुमी प्या, तिनंच सांगितलंय."

तेव्हा कुठं ते कप उचलत. पण खोटं बोलायचं तर डोळे कोरडे लागतात. कोंडाबाईंनी ते कोरडे ठेवले. पोटभर रडायचीसुद्धा त्या बाईला घरात चोरी झाली. यांचं विचारणं एकदाचं थांबू दे, एवढंच त्या मनाशी म्हणत.

परवा चहा झाला. नरसिंगरावांनी दाराकडे पाहिलंच नाही. फुंकर मारून प्यायला लागले.

"झकास झालाय," ते म्हणाले.

कोंडाबाई रोजचं खोटं ओठांवर घेऊन बसून राहिल्या. कप रिकामा झाला तरी प्रश्न आला नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, "विशाखासाठी थांबायचं न्हाई का आज?"

"कोण विशाखा?"

इतके महिने अडवून धरलेलं रडू फुटलं. नरसिंगराव गोंधळले, सरकून जवळ बसले.

"काय झालं? कोण गेलं का?"

"माझी लेक गेली," कोंडाबाई म्हणाल्या. "विशाखा. डेंग्यूनं गेली."

आणि आता हा माणूस कोसळेल म्हणून त्यांनी घाईनं त्यांचा हात धरला. ते कोसळले नाहीत. पलीकडच्या गल्लीतलं कुणी गेल्याचं कानावर यावं तशी त्यांनी मान हलवली.

"अरेरे, लई वाईट झालं," ते म्हणाले. "तिच्या बापाला कळवलं का?"