फ्रिजमधलं ताक

उन्हाळ्यात सोलापुरात दूध टिकत नाही, हे सोलापूरकरांना काही नव्यानं सांगायला नको. सकाळी तापवलेलं दूध दुपारी पुन्हा तापवायचं, संध्याकाळी आणखी एकदा तापवायचं, आणि एवढं करून एखाद्या दिवशी विसरलं की ते पातेल्यात फाटून बसायचं. गोदावरीबाईंचं निम्मं आयुष्य असं दुधामागे धावण्यात गेलं होतं. त्यात घरची म्हैस. मानसिंगराव कचेरीत कारकून असले तरी मूळचे जेऊरचे शेतकरी. बाळीवेशीपलीकडच्या त्या गल्लीत घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात आधी म्हैस बांधली, मग खिडक्यांना दारं बसवली!

रोज रात्री विरजण लावायचं आणि पहाटे रवी धरायची. लोणी निघालं की डेराभर ताक उरायचं. ते ऊन वर यायच्या आत संपलं नाही तर इतकं आंबायचं की तोंडात धरवत नसे. मग गल्लीतल्या बायका तांब्या घेऊन यायच्या. "ताक झालं का हो?" म्हणत उंबऱ्याशी टेकायच्या, दोन शब्द बोलायच्या, तांब्या भरून न्यायच्या. गोदावरीबाईंनी याला कधी दानधर्म म्हटलं नाही. ठेवून करायचं काय, म्हणून द्यायचं. इतकं ते साधं होतं.

आणि मग घरात फ्रिज आला.

मानसिंगरावांच्या साहेबांची बदली झाली आणि त्यांनी आपला फ्रिज विकायला काढला. हातगाडीवरून तो गल्लीत शिरला तेव्हा मागे ही वरात! नारळ फुटला, हळदकुंकू लागलं. सातवीतली लेक प्रभा तर शाळेतल्या सगळ्या मैत्रिणींना घेऊन आली. दार उघडलं की आत आपोआप दिवा लागतो, हे तिला प्रत्येकीला दाखवायचं होतं. दार लावल्यावर तो विझतो की तसाच जळत राहतो, यावर मुलींची भांडणं झाली. एकजण फटीला डोळा लावून बसली, तिचं नाक गार पडलं, पण निकाल काही लागला नाही.

गोदावरीबाईंना मात्र दिव्याचं कौतुक नव्हतं. त्यांचे खांदे पहिल्यांदाच दुखायचे थांबले. साय साठवून ठेवायची आणि आठवड्यातून एकदाच घुसळायचं! त्या दिवशीचं ताक बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवलं की घरच्यांना पुष्कळ दिवस पुरे. आंबायची भीती नाही, वाटायची घाई नाही. पहाटेची झोप म्हणजे काय असते ते त्यांना लग्नानंतर आत्ता कळलं. आता तुम्हीच सांगा, यात त्या बिचारीचं काय चुकलं?

ताक द्यायचं बंद करायचं असं कुणी ठरवलंच नव्हतं. ते आपोआप बंद झालं. आलेल्या बायका एकदा परत गेल्या, दुसऱ्यांदा गेल्या, मग येईनाशा झाल्या. येत राहिली ती एकटी सावित्रम्मा.

सावित्रम्मा समोरच्या खोलीत राहायची. नवरा सिद्रामप्पा गिरणीत बदली कामगार, काम मिळेल त्या दिवशी मिळेल. ती स्वतः व्यापाऱ्याच्या शेंगा घरी आणून फोडायची. सासरे गुरुबसप्पा संक्रांतीला पाय घसरून पडले ते अंथरुणालाच खिळले होते. तोंडात दात नाही. ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून मऊ झाली तरच त्यांच्या घशाखाली उतरायची. म्हणून ती बाकीच्या बायकांसारखी सहज येत नसे. तिला ताक हवंच असायचं.

एका सकाळी ती आली. "अक्का, ताक झालं का?"

"अगं, आज घुसळलंच नाही बघ," गोदावरीबाई म्हणाल्या.

खोटं नव्हतं ते. त्या दिवशी खरंच घुसळलं नव्हतं. पण फ्रिजमध्ये कालच्या ताकाच्या बाटल्या भरलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मानसिंगरावांच्या कचेरीतली मंडळी फ्रिज बघायला येणार होती, त्यांना जिलबीबरोबर गार मठ्ठा द्यायचा बेत होता.

नेमकी तेव्हाच प्रभा एका नव्या मैत्रिणीला घेऊन आत आली. "बघ हं, आता दिवा लागतो," म्हणाली आणि तिनं दार सताड उघडलं. दिवा लागला. पांढऱ्याशुभ्र बाटल्या ओळीनं उजळल्या.

सावित्रम्मानं बाटल्यांकडे पाहिलं. मग हातातल्या तांब्याकडे पाहिलं. "बरं अक्का, गडबड नाही," एवढंच म्हणाली, आणि रिकाम्या तांब्यावर पदर ओढून निघून गेली. भरलेल्या तांब्यावर ओढतात ना, अगदी तसा. रिकामा आहे हे गल्लीला दिसू नये म्हणून.

गोदावरीबाई जागच्या हलल्या नाहीत. हाक मारावी असं ओठांवर आलं होतं. पण हाक मारायची म्हणजे, मी खोटं बोलले, हे कबूल करायचं. तेवढ्यात सावित्रम्माचं दार लागलं.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. मठ्ठा प्याली, मिशा पुसल्या. "वहिनी, असल्या उन्हात असलं गार ताक! भाग्यवान आहात तुम्ही," एकजण म्हणाला. गोदावरीबाईंना हसता येईना. त्यांच्या कानाच्या पाळ्या भाजल्यासारख्या झाल्या.

त्यांनी एक बाटली बाजूला काढून ठेवली. सावित्रम्मा आली की देऊ. पण ती येईना. आपण जाऊन द्यावी, तर पाय उचलेना. समोरचं दार वाजलं की यांचा हात कामावरून थांबायचा. शेंगा फोडल्याचा कट्‌कट्‌ आवाज दिवसभर येत राहायचा, आणि त्यांना वाटायचं, ती आपल्याशीच काहीतरी बोलतेय.

त्याच आठवड्यात जेऊरहून सोजरबाई आल्या. मानसिंगरावांच्या थोरल्या बहीण. फ्रिज बघायला म्हणूनच आल्या होत्या. गार पाण्याचा पेला एका दमात प्याल्या आणि गाल धरून बसल्या.

"अगं बया, दात ठणाकला की! मान्याला म्हणावं, पेटी लई ब्येस हाय, पर दात काढून ठिवून पाणी प्यावं लागतंय."

सगळे हसले. दुपारी सोजरबाई मिसरी लावून गल्लीत चार ओट्यांवर बसून आल्या. माणसांत गेल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. आल्या त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या.

"गोदे, तुज्या दारात कुणी तांब्या घिऊन येईना का गं?"

"आता रोज घुसळत नाही ना, वन्सं. किती सोय झालीय म्हणून सांगू! खांदे भरून यायचे माझे."

"व्हय की. माजे न्हाईत का भरून येत? तुला इसावा मिळाला, मला बरंच वाटलं." सोजरबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "पर समूरचा म्हातारा भाकर पाण्यात कालवून खातोय. दोन घास खातो नि तोंड फिरवतो. त्येची सून म्हनली न्हाई काय मला. मी तितं बसले हुते, डोळ्यांनी बघितलं."

गोदावरीबाईंच्या हातातली उलथनी थांबली. "मग काय फ्रिज विकून टाकू का?" त्या एकदम म्हणाल्या. स्वतःच्याच आवाजाची त्यांना लाज वाटली.

"इकायला कशापायी? पेटीनं काय केलंय? ती मुकी हाय बिचारी. आत ठिवलं तर ठिवती, भाईर काडलं तर गप बसती." सोजरबाई जवळ सरकल्या. "हे बग गोदे. आदी नासंल म्हणून तू देत हुतीस. त्यात तुजं मन किती नि उन्हाचा धाक किती, कुणाला ठावं? आता नासत न्हाई. आता जे देशील ते तुजं. खरी गोदा किती देती, त्ये आता कळंल."

गोदावरीबाईंना तिथंच रडू फुटलं. तांब्यावर ओढलेला तो पदर, उजळलेल्या बाटल्या, सगळं त्यांनी वन्संना सांगितलं. सोजरबाईंनी समजूत घातली नाही. "मला सांगून काय उपेग? दार कुटं हाय, तुला ठावं हाय," एवढंच म्हणाल्या.

गोदावरीबाईंनी तांब्या भरला. त्यावर पदर घेतला आणि गल्ली ओलांडली. चार पावलांची गल्ली, पण नदी ओलांडल्यासारखं झालं.

सावित्रम्मा दारातच शेंगा फोडत बसली होती. तिनं वर पाहिलं, पदराखालचा तांब्या पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर भलतीच घबराट आली. तिनं डोळ्यांनी काहीतरी खुणावलं. पण तोवर आतून गुरुबसप्पांचा आवाज आला.

"कोण? गोदाबाई? बारव्वा, ये, बस बस."

बाजेवर म्हातारा नुसता हाडांचा सापळा झाला होता. पण डोळे हसरे.

"तुझी म्हैस आटली म्हणं. सून सांगितली मला. लई वाईट वाटलं बघ. घरची म्हैस आटली म्हणजे बाईमाणसाला चैन पडत नाही." त्यांनी उशीखाली चाचपडून एक गाठोडं काढलं. "सिदूला सांगून थोडी सरकी आणवून ठेवलोय. रात्री भिजत घाल, सकाळी चार. दुधाला येती. सिद्धेश्वराला पण सांगितलोय मी, गोदाबाईच्या म्हशीकडे बघ म्हणून."

गोदावरीबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं! काम मिळेल त्या दिवशी चूल पेटणाऱ्या घरानं त्यांच्या धडधाकट म्हशीसाठी सरकी आणली होती. आणि सावित्रम्मानं, जिला त्यांनी तोंडावर खोटं सांगितलं होतं, तिनंच त्यांच्यासाठी सासऱ्याशी खोटं बोलून घराचं नाव राखलं होतं.

पदराखाली ताक होतं. ते बाहेर काढावं, तर सावित्रम्मा खोटी पडते. न काढावं, तर म्हातारा आजही पाण्यात भाकरी कालवणार. दारातून सावित्रम्मा मान हलवत होती. नको, अक्का, नको.

गोदावरीबाईंनी तांब्या बाजेपाशी ठेवला.

"म्हैस आटली नाही, अप्पा. दूध देतेय. ताक घरात होतं. मीच दिलं नाही. सावित्रम्मानं माझी लाज राखली."

शेंगांचा आवाज थांबला. गुरुबसप्पांनी सुनेकडे पाहिलं, तिनं खाली पाहिलं. मग त्यांनी ते गाठोडं गोदावरीबाईंच्या हातात कोंबलं.

"मग तर सरकी पाहिजेच की. दूध देणाऱ्या म्हशीला जास्त लागती." आणि सुनेला म्हणाले, "सावित्री, भाकरी आण. भूक लागली बघ."

सावित्रम्मानं भाकरी कुस्करून तिच्यावर ताक ओतलं. गोदावरीबाई निघाल्या तेव्हा ती उंबऱ्यापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही नाही म्हटलात, त्याचं काही नाही, अक्का. नाही म्हणायला पण हक्क असतो माणसाला. ते बाटल्या दिसल्या ना, त्याचं वाईट वाटलं."

गोदावरीबाई गाठोडं पदराखाली घेऊन घरी आल्या.

सरकी त्यांनी म्हशीला चारली. फ्रिज विकला नाही, खांद्यांचा विसावाही सोडला नाही. आठवड्यातून दोनदा घुसळायला लागल्या, बाटल्या भरायला लागल्या, आणि रोज सकाळी एक तांब्या घेऊन स्वतः गल्ली ओलांडायला लागल्या. सावित्रम्मा तांब्या घ्यायची, रिकामा करून धुऊन द्यायची. बोलायची नाही. पहिल्यासारखी हसायची तर नाहीच. गोदावरीबाई मुकाट्यानं परत यायच्या. त्यांना ते पटत होतं. दाखवलेल्या बाटल्या इतक्या लवकर कुणाच्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

पुढं पाऊस झाला, उकाडा उतरला. एका सकाळी सावित्रम्मानं तांब्यात बोट बुडवून चाखलं आणि नाक मुरडलं.

"अक्का, आज लईच आंबट केलाय की! आमच्या मामंजींचे उरलेले केससुद्धा उभे राहतील."

तक्रार ऐकून कुणाला एवढा आनंद झालेला तुम्ही पाहिला नसेल. गोदावरीबाई तिथंच उंबऱ्यावर टेकल्या आणि दोघी पुष्कळ वेळ बोलत राहिल्या.

नव्या सोयी आपल्या घराघरांत येणार, आणि याव्यातही. आईच्या, बहिणीच्या खांद्याला विसावा मिळणार असेल तर त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. पण वस्तू घरात आली म्हणजे भाग्य आलं, असं मात्र नव्हे. तिच्यामुळे आपलं काय वाचलं, वेळ, कष्ट की ताक, आणि ते वाचलेलं आपण कुणाच्या दारी नेलं, एवढं ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं. कुणाच्याच दारी नेलं नसेल, तर आपण फक्त गारव्याला बसलो, भाग्यवान झालो नाही.