ओपो कुणाला?

डॉन क्रिसांतो मालाबानान यांची एक गोष्ट सगळ्या देशाला पाठ होती. लहानपणी त्यांनी गावच्या स्पॅनिश पाद्र्याला 'ओपो' म्हणायला साफ नकार दिला होता. 'ओपो' म्हणजे 'हो जी'. आईला म्हणतात, आजीला म्हणतात, वयानं मोठ्या असलेल्या कुणालाही म्हणतात. तर तो एवढासा पोरगा शाळेत भर वर्गात उभा राहिला आणि म्हणाला, "मासे विकणाऱ्या म्हातारीला ओपो म्हणेन, तुम्हाला नाही." पाद्र्यानं वेताची छडी मोडेपर्यंत त्याला बडवला. छडी मोडली, पोरगा मोडला नाही. पुढे तोच बंडाचा पुढारी झाला, तुरुंगात गेला, हद्दपार झाला, परत आला, आणि स्पॅनिश गेले, अमेरिकन आले, तेव्हा त्याचं चित्र चक्क काडेपेट्यांवर छापलं गेलं.

इल्दाला मात्र हा काडेपेटीवरचा माणूस किती जोरात घोरतो तेही माहीत होतं, कारण तो तिचा बाप होता. आणि आज तो मरत होता.

सकाळपासून घराचे दोन तुकडे झाले होते. खाली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कॅप्टन लेओन्सियो ठाण मांडून बसला होता. लढाईत त्याचा एक कान गेला होता, पण ऐट दोन्ही कानांची होती. बाबांचा हा जुना सोबती. पाद्र्याला वर जाऊ द्यायचं नाही, एवढाच त्याचा आजचा कार्यक्रम. आणि वर स्वयंपाकघरात नानाय, म्हणजे इल्दाची आई, कोळशाची इस्त्री तापवून अननसाच्या पानांच्या धाग्यांची एक पांढरी ओढणी इस्त्री करत होती. ती कधीची पेटीत पडून होती. नानाय ती एकदाच घालणार होती, लग्नात. पण बाबा चर्चमध्ये लग्न करायला तयार नव्हते, आणि नानायला दुसरं कुठलंही लग्न लग्न वाटत नव्हतं.

"नानाय, उगाच कशाला इस्त्री करतेस?" इल्दा म्हणाली.

"उगाच नाही. पाद्रे बेनिग्नो म्हणालेत, चर्चकडे परत येतो असं लिहून नको, तोंडानं एक हो म्हणाला तरी पुरे. तेच लग्नाचंही हो धरतो."

"आणि बाबा नाही म्हणाले तर?"

नानायनं इस्त्री आपटली. "तर तुझ्या बापाला चर्चच्या भिंतीबाहेर पुरतील, कुत्री मांजरं पुरतात तिथे. आणि आत तोन्यो एकटा राहील. माझी वेळ आली की मलाही आत घेणार नाहीत. बाजारात मला काय म्हणतात, माहीत आहे ना?"

"डॉन क्रिसांतोची बायको."

"ते तोंडावर. पाठ फिरली की काय म्हणतात?"

इल्दानं इस्त्रीत आणखी एक कोळसा टाकला. तोन्यो तिचा धाकटा भाऊ. पटकीच्या साथीत गेला. त्याची इवलीशी कबर चर्चच्या आवारात, अगदी भिंतीला लागून होती. दर रविवारी नानाय तिथे जाऊन गवत उपटायची आणि बाबा भिंतीच्या बाहेर टोपी हातात घेऊन उभे राहायचे. उन्हात, पावसात, एकही रविवार न चुकता! एवढे हट्टी होते ते.

दुपारी काळी छत्री डोलवत पाद्रे बेनिग्नो आले.

"जिना अडवू नका, कॅप्टन."

"अडवतोय कुठे? बसलोय. उरलेल्या कानाला जरा वारा लागतोय."

"मग तोच कान इकडे करा. मला त्यांनीच बोलावलंय."

"क्रिसांतोनं? तुम्हाला? त्यापेक्षा मगरीला बोलावलं म्हणा, मी विश्वास ठेवीन!"

तेवढ्यात वरून खोल गेलेला आवाज आला. "येऊ दे त्याला, लेओन्सियो. आमच्या बाईसाहेबांचं मन आहे. विचारू दे काय ते."

कॅप्टन उठला, पण असा, की जणू कुणी त्याचा दुसराही कान कापला.

खोलीत बाबांनी इल्दाला खुणेनं जवळ बोलावलं. त्यांच्या हाताला आता हाताचं वजन उरलं नव्हतं.

"तू इथेच थांब. हे सगळे नंतर मला आपापल्या बाजूला ओढतील. तू जे ऐकशील तेच सांग. त्यात मीठ घालू नकोस, त्यातलं काही गाळू नकोस. कळलं?"

"ओपो," इल्दा म्हणाली, आणि तिला रडू आलं.

खोलीत मग चौघंच राहिली. बाबा, पाद्रे, इल्दा, आणि पायांशी बसलेली लोला साबेल, बाबांची आई. लोलाला उठवणं कुणाच्याच बापाला जमलं नसतं. मोतीबिंदूनं तिला धड दिसत नव्हतं, ऐकू तर फारच कमी येत होतं, पण तिनं लेकाचं पाऊल असं पकडून ठेवलं होतं, की जणू तो पळूनच जाणार आहे. नानाय आणि कॅप्टन दाराबाहेर उभे राहिले. भिंतीच्या वरच्या भागात हवेसाठी कोरीव जाळी होती, त्यामुळे मोठ्यानं बोललेलं बाहेर ऐकू जायचं.

बाबांची नजर फिरत फिरत खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या पांढऱ्या ओढणीवर गेली आणि तिथेच थांबली. इल्दानं ते पाहिलं. मग उन्हाची तिरीप त्यांच्या डोळ्यांवर आली, म्हणून ती खिडकी ओढायला वळली. शिंपल्यांच्या तावदानांची ती खिडकी नेहमीसारखी अडकली आणि करकरायला लागली.

तिच्या पाठीमागे पाद्रे मोठ्या, स्पष्ट आवाजात म्हणाले, "क्रिसांतो, तू पवित्र मातेकडे, चर्चकडे, परत येतोस का?"

आणि जवळजवळ त्याच क्षणी लोला पुटपुटली, "बाळा, जेवलास का?"

खिडकी करकरली. आणि बाबा म्हणाले, "ओपो."

इल्दा गर्रकन वळली. बाबांचे डोळे मिटलेले होते. एक श्वास आला. दुसऱ्याची सगळ्यांनी वाट पाहिली. तो आलाच नाही.

पाद्रेंनी हवेत क्रूस काढला आणि दार उघडलं. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. "ऐकलंत? तो परत आला! देवानं त्याला परत आणलं!"

नानाय धावत आत आली आणि बाबांच्या छातीवर कोसळली. ती रडत होती आणि हसतही होती. कॅप्टन मात्र दारातच लालबुंद होऊन उभा होता.

"ओपो? तुम्हाला? छडी खाऊन ज्यानं म्हटलं नाही, तो आज तुम्हाला ओपो म्हणाला?"

"तुम्हीही ऐकलंत, कॅप्टन."

"शब्द ऐकला. कुणाला म्हणाला ते नाही ऐकलं."

"मग विचारू या," पाद्रे शांतपणे म्हणाले. "माझ्या एकट्याच्या शब्दावर आवाराचं फाटक उघडत नाही. खोलीत असलेल्या आणखी एकानं सांगायला हवं."

कॅप्टन लोलाच्या कानाशी वाकून ओरडला, "लोला! क्रिसांतो कुणाला ओपो म्हणाला?"

"कोण म्हणालं? मला नाही ऐकू आलं," लोला म्हणाली. "जेवला का तो?"

तिचा हात अजून त्याच पावलावर होता.

मग सगळ्यांच्या माना इल्दाकडे वळल्या. नानायनं डोकं वर केलं. तिनं ओढणी खांद्यावर घेतली होती, पेटीत राहून राहून जराशी पिवळी पडलेली. ती तोंडानं एक अक्षर बोलली नाही, पण इल्दाला सगळं ऐकू आलं. फक्त एवढंच सांग ना, पोरी. पाद्रेंनी विचारलं, बाबा ओपो म्हणाले. यात खोटं काय आहे?

आणि खरंच, खोटं काहीच नव्हतं! फक्त एक वाक्य गाळायचं होतं. एक पुटपुटणं. बाहेर कुणी ते ऐकलंही नव्हतं. ते गाळलं की तोन्योला शेजार मिळणार होता आणि बाजारातल्या बायकांची तोंडं बंद होणार होती. वर्गात उभं राहून कविता म्हणताना तिला कधी भीती वाटली नव्हती, ती आता वाटली.

"बाबा ओपो म्हणाले," ती म्हणाली.

नानायनं डोळे मिटले.

"पण त्याच्या आधी दोघांनी विचारलं होतं. पाद्रेंनी विचारलं, चर्चकडे येतोस का. आणि लोलानं विचारलं, जेवलास का. माझी पाठ होती. बाबा कुणाकडे पाहून म्हणाले ते मला दिसलं नाही."

"शाब्बास!" कॅप्टन गरजला.

"थांबा," पाद्रे म्हणाले. ते तिच्यावर चिडले नाहीत, नीट विचार करत होते, आणि त्यामुळेच इल्दाला जास्त भीती वाटली. "तुझे बाबा आज जेवले होते?"

"नाही."

"काल?"

"पेजेचा एक घोटही गिळला नव्हता."

"मग बघ. मरताना तरी हा माणूस खोटं बोलला असता का? आपल्या आईशी? लोलाला उत्तर द्यायचं असतं तर तो 'नाही' म्हणाला असता. म्हणजे ते 'ओपो' माझ्यासाठीच होतं."

कॅप्टन नुसता मिशी चावत राहिला. आणि इल्दाला, त्या एवढ्या दुःखात, एकदम आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं या गावात राहून या माणसाला हे कळलं नाही?

"पाद्रे," ती म्हणाली, "तुम्ही आमच्या घराघरांत जाता. कुणी म्हातारीनं 'जेवलास का' विचारलं, आणि कुणी तिला 'नाही' म्हणालं, असं तुम्ही कधी ऐकलंत?"

पाद्रेंनी लोलाकडे पाहिलं.

"उपाशी असलो तरी ओपोच म्हणतो आम्ही. नाहीतर ती उठेल ना, चूल पेटवायला."

लोलाचे ओठ पान चघळल्यासारखे हलत होते.

"म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतं, अशी शपथ घेशील?" शेवटी पाद्रेंनी विचारलं.

"नाही. मला माहीत नाही. ते तुमच्यासाठीच होतं, अशी तुम्ही घ्याल?"

पाद्रेंनी छत्री उचलली. दारात क्षणभर थांबले. "मी विचारलं, आणि तो ओपो म्हणाला. मरेपर्यंत मी एवढंच सांगेन," ते म्हणाले. "पण एवढ्यावर फाटक नाही उघडता येणार मला." जिना उतरताना ते एकदम म्हातारे दिसले.

नानायनं ओढणी खांद्यावरून काढली, घडी घातली आणि बाबांच्या छातीवर ठेवली. इल्दाकडे तिनं पाहिलंही नाही.

संध्याकाळी गाव लोटलं. आलेल्या माणसाला खाऊ घातल्याशिवाय पाठवायचं नसतं, मग घरात मयत का असेना. मोठ्या कढईत पेज रटरटत होती आणि नानाय काळे कपडे घालून वाडग्यांवर वाडगे भरत होती. इल्दा ते नेऊन देत होती, रिकामे आणत होती. कुणी तिला वाघाची मुलगी म्हणालं, कुणी तिच्याकडे पाहून क्रूस काढला. खाली अंगणात दोन म्हातारे आत्ताच भांडत होते, पाद्रेंना म्हणाले की लोलाला. हे भांडण आपण म्हातारी होईपर्यंत चालणार, हे इल्दाला तेव्हाच कळलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. नानाय दुपारपासून एक शब्द बोलली नव्हती, त्याचं वाटत होतं.

ती रिकामे वाडगे घेऊन पुन्हा चुलीपाशी आली. नानाय पाठमोरीच होती.

"जेवलीस का?" तिनं विचारलं.

सकाळपासून इल्दाच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

"ओपो."

"खोटारडी," नानाय म्हणाली. "अगदी बापावर गेलीस."

आणि पळी हवेत तशीच राहिली. आपण काय बोलून गेलो, ते तिला स्वतःलाच ऐकू आलं होतं. पेजेचे थेंब पळीवरून टपटप कढईत पडत राहिले. मग तिनं बाहीनं नाक पुसलं, एक वाडगा काठोकाठ भरला, वर आल्याचे जास्तीचे काप टाकले आणि इल्दाच्या हातात ठेवला.

"आधी हे खा. मग खाली जा आणि लेओन्सियोला सांग, भिंतीला अगदी लागून खणायचं. तोन्योच्या बाजूनं."