भांडुपच्या घरातला दरबुका

मित्रांनो, मी एक जुना दरबुका आहे. मातीचा, उभ्या पेल्यासारखा; वर बकरीचे ताणलेले कातडे, खाली मोकळे तोंड. दूर ट्युनिसियात एका कुंभाराने मला घडवले. दुपारी गुंगी आली, की त्याच्या ओल्या बोटांचा थंडावा अजून अंगावर जाणवतो.

जहाजावर खलाशी असलेल्या नंदकुमारांनी मला तिथल्या बाजारातून भांडुपला आणले. त्यांच्या बायकोने, शकुने, मला उलटसुलट करून पाहिले.

"ह्यां काय? फुलदाणी?"

"वाजवतत गो ह्यां!" नंदकुमार हसले आणि मला काखेत धरून वाजवू लागले. माझा दुम्म ऐकून शेजारी दारात जमले.

पुढे नोकरी संपली आणि मी कपाटावर गेलो. शकुने मला उलटे ठेवून माझ्यात प्लास्टिकची फुले खोचली. धुळीखाली मी समुद्राची स्वप्ने पाहत राहिलो.

गेल्या वर्षी नंदकुमारांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. शब्द ओठांशी येऊन विरायचे आणि ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्यांना बोलायला शिकवणाऱ्या श्रुतिका मॅडम म्हणाल्या, "काकी, ताल धरून बोलून घ्या. कधी कधी तालाचं बोट धरून शब्द येतात."

शकुने फुले काढली, मला पदराने पुसले. सैल पडलेले कातडे खिडकीतल्या उन्हात तापवले. मग मला मांडीवर घेऊन ती रोज नवऱ्याचा डावा हात माझ्यावर ठेवायची. "पा-णी." दुम्म-टक. "पा-णी." दुम्म-टक.

महिना गेला. एकदा चिडून त्यांनी मला ढकलले. कडेचा टवका उडाला.

"बस कर ना आई, पप्पांना त्रास होतो," मुलगी शुभा म्हणाली.

शकुने मला उचलून पुन्हा मांडीवर घेतले. नंदकुमारांनी त्या टवक्यावरून बोट फिरवले. बराच वेळ गेला. मग त्यांनी आपणहून ठोका दिला.

"श..." दुम्म. "कु." टक.

चाळीस वर्षांत त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती.

"परत म्हणा," ती म्हणाली. त्यांनी परत म्हटले.

काल जेवताना ते चक्क दोन शब्द जोडून बोलले, "मीठ कमी." शकु आधी रडली, मग भांडली.

मित्रांनो, एखादे वाद्य गप्प झाले किंवा एखादे माणूस गप्प झाले, तर त्याला संपले समजू नका. जवळ घ्या, ऊब द्या, आणि उत्तराला उशीर झाला तरी उठून जाऊ नका.