डावी बाजू

तिने दुकानातला हेडफोन कानांवर चढवला, रिसीव्हरचं आवाजाचं बटण जेमतेम पाव फेरा फिरवलं, आणि दोन्ही कानांत एकदमच व्हायोलिन भरून आलं. इतकं, की तिने दचकून दुकानाच्या दाराकडे पाहिलं. दार ओढलेलं होतं. नवरा डायलमागचा दिवा आणायला बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. तासाभराच्या आत काही परतत नव्हता.

तिने हेडफोन उतरवला, उलटा केला आणि डाव्याचा उजव्यावर, उजव्याचा डाव्यावर असा पुन्हा चढवला. व्हायोलिन जागच्या जागी. दोन्हीकडे सारखं.

सेट ठणठणीत होता. हेडफोनही. ती तशीच स्टुलावर बसली आणि रेकॉर्ड प्लेअरवरची तबकडी संपून सुई कडेला खरखरायला लागली तरी बसून राहिली.

सेट भूमितीच्या मास्तरांचा होता. रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत असलेला जुना, लाकडी कुशीचा रिसीव्हर. उचलताना कंबरेचा हिशेब करावा लागे असा. मास्तरांची बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली आणि घर एका खोलीचं, म्हणून मास्तर गाणं ऐकायचे ते कानांत. त्यांच्या भावाचा, रेडिओ केंद्रातून निवृत्त होताना मिळालेला भलामोठा हेडफोन होता. तो फोनला लावला की डासासारखा गुणगुणायचा. पण या जुन्या पेट्यांची गोष्ट वेगळी. हेडफोन खुपसायच्या त्यांच्या पुढच्या भोकाला वेगळी, नाजूक सोय नसते. भिंती हलवणाऱ्या स्पीकरांना जो जोर जातो, तोच दोन रोधकांतून, म्हणजे रेझिस्टरांतून, गाळून कानाकडे येतो. हत्तीच्या सोंडेने पेल्यात पाणी ओतावं तसा. मास्तरांचा हेडफोन त्यावर जिवंत व्हायचा.

सेट आला होता तो नुसता बटण खरखरतं म्हणून. एका दिवसाचं काम. पण पहिल्याच दिवशी बटण साफ करून नवऱ्याने हेडफोन लावला आणि म्हणाला, ‘‘डावी बाजू बोलत नाही.’’ त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द नाही. तीन आठवडे तो त्या पेटीत डोकं खुपसून बसला होता. बाकीचे दोन सेट खोक्यात तसेच पडून. मास्तर दोनदा येऊन, काही न म्हणता, चहा घेऊन गेले होते.

बाजारात त्याला कानसेन म्हणत. थट्टेने म्हणत, पण सेट बिघडला की त्याच्याकडेच येत. झाकण न उघडता, नुसतं कान लावून तो सांगायचा, अमुक भाग वाळलाय, तमुक जोड सैल आहे. डाव्या-उजव्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला त्याचं एकच ठरलेलं वाक्य असे: हेडफोन उलटा करा. दोष दुसऱ्या कानात गेला तर सेट माझ्याकडे आणा, नाही गेला तर डॉक्टरकडे जा. गिऱ्हाईक हसायचं. तीही हसायची, सव्वीस वर्षं, तेवढ्याच ओठांनी.

आणि या तीन आठवड्यांत तिने त्याला हेडफोन उलटा करताना एकदाही पाहिलं नव्हतं.

आता तिला एकेक आठवायला लागलं. हल्ली तो पलंगाची बाजू बदलून झोपत होता. रस्त्याने चालताना तिला मुद्दाम उजवीकडे घेत होता. तिने काही विचारलं तर ‘हं’ म्हणत होता, आणि ते ‘हं’ प्रश्नाला जुळत नव्हतं. पण नवऱ्याला बायकोचं ऐकू येत नाही ही काही कोणत्या आजाराची खूण नव्हे. तिने ती धरलीच नव्हती.

हेडफोन उलटा करणं एका क्षणाचं काम, आणि तो करत नव्हता. का करत नव्हता हे कळायला काही डॉक्टर व्हावं लागत नव्हतं. माणसाचा सगळा नावलौकिक दोन कानांवर उभा. त्यातला एक गेला हे कबूल करण्यापेक्षा तो पेटीतला शेवटचा स्क्रूसुद्धा बदलेल, पेटी संपली की दुसरी उघडेल, आणि एके दिवशी त्या पेट्यांमध्येच वेडा होईल. तिला ते समोर दिसायला लागलं. त्याला एक दोष हवा होता. खोटा का होईना, हाताला लागेल असा. तो सापडला की यंत्रच चुकलं होतं म्हणून श्वास तरी टाकेल. कानाचं मग सावकाश, चांगल्या डॉक्टरच्या तोंडून कळेल. पुढचं पुढे.

तिने सोल्डरिंगचं आयर्न तापत ठेवलं.

सोल्डरिंग तिला त्यानेच शिकवलं होतं. इस्त्र्या, घंट्या, टॉर्च ही तिची खाती. त्याच्या टेबलावरच्या सेटला मात्र तिने आजवर बोट लावलं नव्हतं. तसा काही नियम नव्हता. पण देवळात चप्पल घालून जायचं नाही हेही कुठे लिहिलेलं नसतं. पुढच्या भोकामागचे ते दोन रोधक तिने शोधले. शेंगदाण्याएवढे, शेजारीशेजारी. प्रत्येक जोडाच्या बाजूला लाल ठिपका होता. तिच्याच जुन्या नेलपॉलिशचा. या खेपेला त्याने काय मनावर घेतलं होतं कोण जाणे, पेटीभर ते ठिपके होते, गोवर आल्यासारखे. डाव्या रोधकाचा जोड तिने वितळवला, तारेचं टोक केसभर वर उचललं, सुईने खरवडून निस्तेज केलं, आणि पेटीच्या कोपऱ्यातली धूळ चिमटीने वर भुरभुरली. आपोआप सुटलेला जोड असाच दिसतो. ठिपक्याला तिने धक्का लागू दिला नाही.

हेडफोन लावून पाहिला. डावीकडे आता काही नव्हतं.

तो परतला तेव्हा शीळ घालत होता. तिने कित्येक दिवसांत ऐकली नव्हती ती शीळ. कागदात गुंडाळलेला दिवा त्याने टेबलावर ठेवला आणि बसता बसताच सांगितलं, की मास्तर वाटेत भेटले, त्यांना म्हटलंय चार वाजता या, सेट तयार आहे.

‘‘तयार?’’ ती म्हणाली. ‘‘आणि डावी बाजू?’’

‘‘ती आहे गं. सगळं जागच्या जागी आहे. काल संध्याकाळीच मोजून घेतलं.’’

तिने म्हणून पाहिलं, की मास्तरांना उद्या बोलवू, आज त्यांच्या घरी डॉक्टर यायचा असतो. तो म्हणाला, तो काल येऊन गेला. तिने म्हणून पाहिलं, की झाकण लावायच्या आधी एकदा ऐकून तरी बघा. त्यावर तो तिच्याकडे बघून हसला. लहान मुलाने वाढदिवसाची भेट पाठीमागे लपवताना हसावं तसा. काय हसतोय, तिला कळेना. ऐकायची गरज नाही म्हणाला. दिवा बसवला, डायलचा पिवळा उजेड पाहून मान डोलावली, आणि झाकणाचे आठ स्क्रू एकेक करून आवळायला घेतले.

आठ स्क्रू. प्रत्येक स्क्रूला तिला वाटलं, आता बोलावं. पण जोडाचं सांगायचं तर का काढला तेही सांगावं लागणार, आणि त्याचं उत्तर एकच होतं. आठवा स्क्रू आवळून झाला.

मास्तर चारला पाच मिनिटं कमी असतानाच आले, हेडफोन कापडी पिशवीत घालून. वहिनी बऱ्या आहात ना, म्हणाले. तबकडी लागली, सुई टेकली, मास्तरांनी डोळे मिटले. मग एक उघडला.

‘‘मिस्त्री, डावीकडून काही येत नाही हो.’’

‘‘उलटा करून बघा,’’ तो म्हणाला. अजून हसतच होता.

मास्तरांनी केला. ‘‘आता उजवीकडून येत नाही.’’

त्याचं हसू काही वेळ तसंच राहिलं, सभा संपल्यावर खुर्चीवर विसरलेल्या छत्रीसारखं. मग त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला.

दोष सापडायला त्याला मिनिटसुद्धा लागलं नाही. भिंग डोळ्याला लावून तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. बोटाने त्याने लाल ठिपका चाचपला, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे का ते बघत होता. मास्तर भले गृहस्थ. गप्प बसवेना म्हणून त्यांनी हवा हलकी करायला म्हटलं, ‘‘कानसेनाला आज डोळ्यांनी दगा दिला म्हणायचा.’’

‘‘हो,’’ तो म्हणाला.

त्याने जोड लावला. इतका चकचकीत, गोल जोड तिला दहा जन्मांत लावता आला नसता. मास्तरांनी पुन्हा डोळे मिटले आणि या खेपेला उघडले नाहीत. तबकडीची एक बाजू पूर्ण होईतो ते उभ्यानेच ऐकत राहिले. मग म्हणाले, आमच्याकडे आज दोन वर्षांनी बरं वाटणार आहे कोणाला तरी. हातगाडीवाला दारात थांबलाच होता. सेट चादरीत गुंडाळून गेला.

ती चहाचे कप उचलायला आली. तो रिकाम्या टेबलाकडे पाहत होता. सेटच्या चार पायांचे चार स्वच्छ चौकोन धुळीत उमटले होते.

‘‘खोक्यातले दोन सेट ज्यांचे त्यांना देऊन टाक,’’ तो म्हणाला. ‘‘तसेच. न उघडता.’’

ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. ‘‘का पण?’’

‘‘डावा कान गेलाय माझा.’’ फ्यूज गेलाय म्हणावं तसं म्हणाला. ‘‘पहिल्याच दिवशी कळलं. तू चहा ठेवायला आत गेलीस तेव्हा उलटा करून बघितला. मग कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो. उजवा वर्षभर साथ देईल म्हणाले. फार तर दोन.’’

तिला वाटलं आपण खुर्चीला धरावं. खुर्ची लांब होती.

‘‘मग हे तीन आठवडे...?’’

‘‘बघत होतो, कानाशिवाय जमतं का.’’ तो टेबलावरच्या धुळीत बोटाने ठिपके काढत होता. ‘‘नुसते डोळे आणि मीटर. पुरा सेट. एकेक जोड बघायचा, मोजायचा, खात्री झाली की ठिपका द्यायचा. एकदासुद्धा कान लावला नाही. काल शेवटचा ठिपका दिला. म्हटलं, जमलं की. असं तर मी अजून पंधरा वर्षं काढीन. मास्तर ‘हो’ म्हणाले की तुला सांगणार होतो सगळं. कानाचंसुद्धा. हसत सांगता आलं असतं.’’

ती त्याच्या बोटाकडे बघत होती.

‘‘कानाचं काही नाही गं. कान काय, जातात. पण तो सुटलेला जोड कालच्या शिकाऊलाही दिसला असता. अन् त्याच्यावर ठिपका होता. माझा.’’ त्याने तळहाताने धुळीतले ठिपके पुसले. ‘‘दिसत नाही आणि दिसत नाही तेही कळत नाही. असल्या माणसाने लोकांच्या वस्तूंना हात लावू नये.’’

तो उठला आणि आवरायला लागला. हत्यारं तो रोज ज्या क्रमाने लावायचा त्याच क्रमाने, पण आज प्रत्येक पुसून ठेवत होता, परत लागणार नसल्यासारखं. तिने कप हातात घेतले. दुसरं काही सुचेना म्हणून. ते घेऊन ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, अगदी खांद्याशी, आणि सगळा जीव एकवटून, तरी कुजबुजल्यासारखंच म्हणाली,

‘‘तो जोड मी सोडवला. दुपारी. तुमचा ठिपका बरोबर होता.’’

ती वाट बघत राहिली. ओरडेल, हसेल, काहीही.

तो आयर्नचं टोक ओल्या स्पंजावर पुसत होता. एकदा या अंगाने, एकदा त्या. मग त्याने टोक डोळ्यांजवळ नेऊन उजेडात निरखलं आणि पुन्हा पुसायला लागला.

ती त्याच्या डावीकडे उभी होती.

उजवीकडे जायचं तर टेबलाला वळसा होता. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये खोकी रचलेली. तिथून अंग चोरूनच जावं लागे. पहिल्यांदा बोलताना जे बळ आलं होतं ते कुठून आलं होतं, हे तिला आठवेना. त्याने हात लांब करून टेबलावरचा दिवा मालवला.

तिने कप खाली ठेवले आणि ती खोक्यांच्या बाजूने निघाली.