आळ माझ्यावर नको!

हो, मी शिंप्याच्या गळ्यातली टेपच बोलतेय. आधीच ठणकावून सांगते, मी ताणली गेलेली नाही! साठ इंचांची आले, आजही साठच आहे. आकडे थोडे पुसट झालेत, एवढंच.

आमचे मास्तर मापं कधी लिहीतच नसत. एकदा छाती, खांदा, बाही मोजली की वर्षानं विचारा, घडाघडा सांगणार. "वही विसराळूंना लागते," असं म्हणून मिशीतल्या मिशीत हसायचे. मला त्यांचा अभिमान वाटायचा, लपवू कशाला?

दुकान आवरलं की मात्र दोन पेग. कधी झिंगले नाहीत, कुणाला शिवी दिली नाही. "दोनानं काय होतंय?" असं म्हणत तीस वर्षं रोज दोन!

पासष्टी उलटली आणि मोजून खडू उचलेपर्यंत आकडा गुल व्हायला लागला. एकाच गिऱ्हाइकाची छाती तीन-तीनदा मोजायचे. शेवटी एका कोटाची उजवी बाही दोन इंच आखूड निघाली.

"टेप ताणली गेलीय," मास्तर म्हणाले आणि मला कचऱ्यात भिरकावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

दुकानात काम करणाऱ्या त्यांच्या लेकीनं मला उचललं, लोखंडी पट्टीला लावून धरलं. "बाबा, तुम्हीच बघा. केसभरही फरक नाही."

मास्तरांनी स्वतः पुन्हा ताडून बघितलं आणि मान खाली घातली. मलाही वाईट वाटलं, पण खोटं कसं बोलू?

लेक त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी तपासण्या केल्या. म्हणाल्या, "रोजच्या दारूनं मेंदू आक्रसतो. उतारवयात ती जास्तच बाधते."

"म्हणजे कापडासारखा आटतो?" मास्तरांनी विचारलं.

"तसंच म्हणा. थोडंफार सावरेल, बाकी आहे ते राखायचं. दारू सोडा, पण एकदम नाही, मी सांगेन तशी."

आता कात्री लेकीकडे आहे. मास्तर माप सांगतात, ती लिहून घेते. परवा त्यांचा जुना दोस्त हसला, "या वयात सोडून काय मिळणार रे?"

मास्तर उसळले, "जे उरलंय ते माझं आहे! त्यातलं इंचभरही देणार नाही."

अजून विसरतात. दोनदा मोजतात, लेकीकडे चोरून बघतात, ओशाळतात. ओशाळू नका, मास्तर! शंभरदा विचारा. मी शंभरदा तोच आकडा सांगेन.